गाडीची उंची विकू नका, गाडीवरचा ताबा विका



चंद्रपूर, मूल, आलापल्ली, वडसा या बाजूची मुलं ट्रेनिंगला येतात, तेव्हा गॅरेज लाइनवाले बहुतेक जण एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, जिप्सी आणि थार उंच करून द्यायचं दुकान टाकलं तर चालेल का? मागणी खूप आहे."

मागणी आहे, हे खरं आहे. पण माझं मत पहिल्यांदाच स्पष्ट सांगतो. आपल्या दोन जिल्ह्यांत पाट्यांच्या गाड्यांच्या कामात चांगला धंदा आहे, आणि तो गाडी उचलण्यात नाही. आधीच उचललेल्या, जादा वजन वाहणाऱ्या, रस्त्यावर भरकटणाऱ्या गाड्या पुन्हा ड्रायव्हरच्या हातात आणून देण्यात तो आहे. इंग्रजीत ज्याला हँडलिंग म्हणतात त्याला मी साध्या भाषेत ताबा म्हणतो. व्हिडिओत हे थोडक्यात सांगितलं होतं. इथे हिशोबासकट मांडतो.

पाट्याची गाडी आपल्याकडे अजून का चालते

शहरातला माणूस म्हणेल, पाटे जुने झाले, आता कॉइल स्प्रिंगचा जमाना आहे. २०२० ची नवी थार चारही बाजूंनी कॉइलवर आली हे बरोबर आहे. पण आपल्या रस्त्यांवर काय धावतं ते बघा.

ताडोब्याच्या मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी कुठल्याही गेटवर उभे राहा. मारुतीची जिप्सी दिसणारच. १९८५ मध्ये आलेली ही गाडी पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड एक्सल आणि पाट्यांवर उभी आहे. सामान्य गिऱ्हाइकासाठी तिचं उत्पादन कधीच थांबलं, तरी जंगलात ती पर्यटकांना घेऊन फिरते आहे. २०१० ची सीआरडीई थार पुढे टॉर्शन बारवर आणि मागे पाट्यांवर. बोलेरोच्या मागे पाटे. बोलेरो पिकअप आणि कॅम्पर, ज्यांच्यावर तेंदूपत्ता, धान, बांबू, किराणा असं सगळं चालतं, त्यांच्या मागेही पाटेच. वर कोळशाचे आणि सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आहेतच.

म्हणजे माल आहे, गाड्या आहेत. आणि महत्त्वाचं म्हणजे हाताला कसब असलेले लोक आहेत. बल्लारपूर, घुग्घुस, पडोली या पट्ट्यात ट्रकचे पाटे उतरवून बसवणारे मिस्त्री पिढ्यांपासून काम करतात. पुण्या-मुंबईच्या ऑफ-रोड दुकानाला असा मिस्त्री शोधून मिळत नाही. तो तुमच्या गावात आहे. त्याच्याकडे नाही ते फक्त मोजमाप आणि लेखी पद्धत. ती तुम्ही आणायची आहे.

गिऱ्हाईक मागतो एक, त्याला हवं असतं दुसरं

गिऱ्हाईक येतो आणि म्हणतो, "भाऊ, तीन इंच उचलून द्या, पण मऊ पण राहिली पाहिजे." त्याला लगेच रेट सांगू नका. आधी विचारा, गाडी खाली नेमकी कुठे लागते?

बहुतेक वेळा उत्तर येतं, मधला गोळा दगडाला लागतो. गोळा म्हणजे डिफरन्शियलचं हाउसिंग. आता नीट लक्ष द्या. अखंड एक्सलच्या गाडीत पाटे उंच केले की वर जाते बॉडी आणि चेसिस. एक्सल चाकांवर बसलेला आहे, तो जागचा हलत नाही. तुम्ही तीन इंच उचला नाहीतर सहा इंच, गोळा जमिनीपासून तेवढ्याच अंतरावर राहणार. गोळा वर घ्यायचा एकच मार्ग, मोठा टायर. आणि टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला तर गोळा वर येतो फक्त एक इंच.

मग उचलून फायदा काय? मोठा टायर बॉडीला घासत नाही. नाल्यात उतरताना पुढचा बंपर आणि चढताना मागचा भाग कमी टेकतो. बांध ओलांडताना गाडीचं पोट कमी लागतं. हे फायदे खरे आहेत. भामरागड, एटापल्लीच्या आतल्या वाटांवर पावसाळ्यानंतर नाल्यांचे काठ कसे कापले जातात ते ज्याने पाहिलंय तो हे नाकारणार नाही. पण गोळा लागतो म्हणून आलेल्या माणसाला पाटे उंच करून दिले, तर तुम्ही त्याचे पैसे घेतले आणि त्याचा त्रास तसाच ठेवला. महिन्याभरात त्याला ते कळतं. तो पुन्हा येत नाही आणि चार जणांना सांगतो.

उंची वाढली की ताबा किती जातो

आता थोडं गणित. घाबरू नका, आठवीचं आहे.

गाडी पलटी होण्याला किती विरोध करते याचं एक साधं माप आहे. दोन चाकांमधल्या रुंदीचा अर्धा भाग घ्यायचा आणि त्याला गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचं. आकडा जितका मोठा, तितकी गाडी जमिनीला चिकटून.

जिप्सीच्या चाकांमधली रुंदी साधारण १.३ मीटर. अर्धी म्हणजे ६५ सेंटिमीटर. हिशोबासाठी गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटरवर धरा. ६५ भागिले ६५, आकडा आला १. आता तीन इंच, म्हणजे ७.६ सेंटिमीटर उचला. चाकं आणि एक्सल खालीच राहतात म्हणून प्रत्यक्षात वाढ थोडी कमी असते, पण हिशोब सोपा ठेवू. ६५ भागिले ७२.६, आकडा ०.९०. दहा टक्के गेले.

आता गाडीत माणसं बसवा. सफारीच्या जिप्सीत सहा पर्यटक, एक गाइड, एक ड्रायव्हर. आठ जणांचे सरासरी ६५ किलो धरले तर ५२० किलो. मागची सीट उंच बसवलेली असते, म्हणून या वजनाचा मध्य १३० सेंटिमीटरवर धरू. गाडी १,००० किलो धरू. न उचललेल्या गाडीतसुद्धा सगळ्यांचा मिळून गुरुत्वमध्य ८७ सेंटिमीटरवर जातो आणि आकडा ०.७५ होतो. त्यात तीन इंच उचला, आकडा ०.६९. एकपासून सुरुवात केली होती. जवळपास एक तृतीयांश ताबा गेला.

यातून धंद्यासाठी दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, रिकाम्या गाडीवर ट्रायल घेऊन "एकदम ओके" म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक. दुसरी, माणसांच्या वजनाने होणारं नुकसान उचलण्यापेक्षाही मोठं आहे. जी गाडी आधीच भरलेली, उंच सीटची आहे, तिला शोभेसाठी आणखी उचलणं यात शहाणपण नाही.

कोणी म्हणेल, मुरमाच्या रस्त्यावर गाडी पलटी व्हायच्या आधी घसरते. बरोबर. पण घसरत असताना बाहेरचं चाक चाकोरीच्या कडेला किंवा दगडाला अडकलं की घसरणं तिथेच थांबतं आणि गाडी आडवी होते. आपल्या रस्त्यांना चाकोऱ्या आणि दगड किती आहेत, हे मी सांगायला नको.

पाट्याचं गणित: जाडी तिप्पट बोलते

पिकअपवाले आणि जिप्सीवाले दोघांचीही एक आवडती मागणी असते. "एक जाड पाटा टाकून द्या."

पाट्याचा कडकपणा पाट्यांच्या संख्येप्रमाणे सरळ वाढतो, पण जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. पाच सारखे पाटे आहेत, त्यात तसाच सहावा टाकला, कडकपणा साधारण वीस टक्के वाढला. पण ६ मिलिमीटरच्या जागी ८ मिलिमीटरचा पाटा घेतला तर तो एकटा पाटा जवळपास २.४ पट कडक झाला. म्हणजे दोन मिलिमीटरने खेळ बदलतो.

जाड पाटा टाकला की गाडी उंच दिसते आणि भरलेली असताना बसत नाही. गिऱ्हाईक खूश. पण रिकामी गाडी खड्ड्यातून उडते. चाक जमिनीवरून सुटतं. जे चाक जमिनीवर नाही ते ब्रेकही लावत नाही आणि वळतही नाही. शिवाय तेवढंच वाकवलं तर जाड पाट्यात ताण जास्त येतो, म्हणून तुटतोही तोच आधी. जंगलातल्या गाडीला पातळ, लांब, संख्येने जास्त असे पाटे बरे पडतात. चाक खाली लोंबकळतं, जमिनीला धरून राहतं.

जादा पाट्यामुळे गाडीची पासिंगची क्षमता वाढत नाही, हेही पिकअपवाल्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगा. एक्सल तोच, ब्रेक तेच, टायर तेच. पाटा फक्त ओव्हरलोड लपवतो.

आणि एक गोष्ट दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवा. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग नाही. बसलेल्या पाट्याला गॅसने लाल करून बाक द्यायचा नाही. पाट्याचं पोलाद विशिष्ट पद्धतीने तापवून, थंड करून तयार केलेलं असतं. उघड्यावर तापवलं की ती ताकद जाते. तो काही दिवस उंच दिसतो, मग बसतो नाहीतर तुटतो. तुटला तर एक्सल जागचा सरकतो आणि गाडी ड्रायव्हरचं ऐकत नाही.

उचलायचे चार रस्ते आणि त्यांची किंमत

बाजारात चार प्रकारे गाडी उचलतात. चारही समजून घ्या, म्हणजे उचलून आलेल्या गाडीत काय बिघडलंय ते पटकन ओळखता येईल.

१. लांब शॅकल. सर्वात स्वस्त, म्हणून सर्वात जास्त दिसते. पाट्याचं एकच टोक खाली जातं, म्हणून शॅकल दोन इंच लांब केली तर गाडी उचलते साधारण एक इंच. त्यासोबत एक्सल फिरतो. पुढच्या एक्सलवर हे झालं की कॅस्टर अँगल बदलतो. तो कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि गाडी सरळ रस्त्यावर भटकते. लांब शॅकल बाजूलाही जास्त डुलते.

२. एक्सल आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा. मागे एक दर्जेदार, नीट बसणारा ठोकळा काही गाड्यांना कंपनीकडूनच असतो. पण पुढच्या एक्सलला ठोकळा कधीच नाही. ठोकळ्यावर ठोकळा तर मागेही नाही. ब्रेक दाबताना पुढच्या एक्सलवर जो पीळ बसतो त्यात ठोकळा निसटू शकतो.

३. पाट्याच्या वर असलेला एक्सल पाट्याखाली घेणे. जिप्सीत हे करतात, गाडी एकदम चार-पाच इंच उचलते. यात एक्सलचा पाट्यावरचा पीळ वाढतो, जोर दिला की पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो, शाफ्टचे क्रॉस जातात, स्टिअरिंगचे सगळे कोन बिघडतात. हे काम नव्या दुकानाचं नाही.

४. जास्त बाकाचे नवे पाटे. चारांतला हा सर्वात सरळ मार्ग. पण सोबत शॉकअप, ब्रेकच्या नळ्या, शाफ्टचा कोन, स्टिअरिंग हे सगळं जुळवावं लागतं. खर्च जास्त म्हणून गिऱ्हाईक पाटे घेतो, बाकीचं सोडून देतो. इथेच गडबड होते.

ताबा परत आणायचा क्रम

उचललेली गाडी तुमच्याकडे आली, तक्रार आहे "हलते, भटकते, खड्ड्यात आपटते." महागडा पार्ट विकायच्या आधी हा क्रम पाळा. स्वस्ताकडून महागाकडे जायचं.

पहिलं, टायरची हवा. चारही चाकांत सारखी आणि वजनाला योग्य आहे का बघा. कितीतरी तक्रारी इथेच निम्म्या होतात.

दुसरं, बुश आणि शॅकल. पाट्याच्या डोळ्यातले रबर बुश फाटले असतील तर एक्सल मागे-पुढे सरकतो, गाडी मागून स्वतः वळते. नवे बुश टाकताना बोल्ट शेवटचा कसायचा तो गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी असताना. जॅकवर लटकलेल्या गाडीत कसला की रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. या एका सवयीने तुमचं काम शेजारच्यापेक्षा वेगळं होतं, तेही फुकटात.

तिसरं, यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट. यू-बोल्ट काढला की नवा टाका, ताणलेला पुन्हा वापरू नका. टॉर्क पान्याने कसा, आणि पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत बोलावून पुन्हा कसा. सेंटर बोल्ट तुटला असेल तर एक्सल तिरका बसतो. दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर टेपने मोजा, लगेच कळतं.

चौथं, शॉकअप. गाडी उचलली आणि शॉकअप जुनेच ठेवले, तर उभ्या गाडीतच त्यांचा दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर आलेला असतो. चाक खड्ड्यात उतरलं की शॉकअप ताणून खाडकन थांबतो. हाच तो "आपटण्याचा" आवाज. गाडी वजनावर उभी असताना दांडा साधारण मधोमध हवा. आणि पाटा पूर्ण दाबला की आधी बंप स्टॉपचं रबर टेकलं पाहिजे, शॉकअप तळाला लागता कामा नये. लांबी मोजूनच शॉकअप मागवा, नावावर मागवू नका.

पाचवं, पाट्यांमधलं घर्षण. चिखल आणि गंज बसला की पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, सगळा गठ्ठा एका लोखंडी पट्टीसारखा वागतो. गाडी कडक लागते आणि मालक पाटे बदलायला निघतो. अनेकदा पाटे उतरवून, साफ करून, ग्राफाइट ग्रीस किंवा टोकांना पॅड लावून काम होतं.

सहावं, स्टिअरिंग आणि ब्रेक. उचलल्यामुळे ड्रॅग लिंक जास्त तिरकी झाली असेल तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग ओढतं. कॅस्टर मोजा. पाचर टाकून एक्सल फिरवता येतो, पण पुढच्या एक्सलला पाचर टाकली की शाफ्टचा कोनही बदलतो, म्हणून दोन्ही बघून ठरवा. एक्सल पूर्ण लोंबकळवून ब्रेकची नळी ताणते का ते तपासा. ज्या गाड्यांना मागे वजन ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह असतो, तिथे गाडी उचलली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. हे बहुतेक जण तपासतच नाहीत.

शेवटी ट्रायल. वाळूच्या पोत्यांनी गाडी खरी भरून. रिकामी नाही.

कायदा काय म्हणतो

धंद्यात उतरणाऱ्याने हे माहीत नाही म्हणून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

सफारीची गाडी व्यावसायिक पासिंगची. तिला फिटनेस लागतो. अपघात झाला आणि विमा कंपनीने न कळवलेला बदल दाखवून क्लेम अडवला, तर मालक पहिल्यांदा कोणाकडे येईल? ज्याने बिल दिलं त्याच्याकडे. म्हणूनच अशी कामं बिलाशिवाय होतात. आणि ज्या कामाचं बिल देता येत नाही, त्या कामावर बँक कर्ज देत नाही, जीएसटीत ते दिसत नाही, तुमचं दुकान कागदावर वाढतच नाही. थकलेले बुश, शॉकअप, पाटे काढून मूळ मापाचे टाकणं, यू-बोल्ट, अलाइनमेंट, ब्रेक तपासणी या सगळ्याचं बिल छातीठोकपणे देता येतं. गाडीत आधीच केलेला बदल दिसला तर काय ठेवायचं, काय काढायचं हे एमएच-३४ किंवा एमएच-३३ च्या आरटीओ कार्यालयात विचारून घ्या.

"मी नाही केलं तर शेजारचा करेल"

हा आक्षेप मला प्रत्येक बॅचमध्ये ऐकायला मिळतो, आणि तो खोटा नाही. तुम्ही नकार दिलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. पहिल्या सहा महिन्यांत दुकानाचं भाडं अंगावर असताना हा नकार जड जातो, हे मला मान्य आहे.

पण दोन्ही कामांचा स्वभाव बघा. उचलायचं काम एका गाडीला एकदाच होतं. ते फोटोवर विकलं जातं, त्यामुळे जो स्वस्त देतो तो जिंकतो. ताब्याचं काम दर वर्षी येतं. बुश फाटतातच, शॉकअप थकतातच, यू-बोल्ट सैल होतातच. ते विश्वासावर विकलं जातं, त्यामुळे शंभर रुपयांसाठी गिऱ्हाईक सोडत नाही. सफारीचा मालक दुकानाचा फोटो बघून येत नाही. त्याच्या गाडीत रोज परक्याची लेकरं बसतात. गाडी बंद पडली तर त्याची फेरी जाते, पलटी झाली तर त्याचं सगळंच जातं.

शेजारच्याने उचललेल्या गाड्यांचं काय होतं? त्या काही महिन्यांनी हलायला लागतात आणि दुरुस्तीला कुणीतरी लागतो. तो कुणीतरी तुम्ही व्हा. शेजाऱ्याशी भांडायची गरज नाही.

सुरुवात कशी करायची

ताडोब्याचा कोअर भाग जुलै ते सप्टेंबर बंद असतो, १ ऑक्टोबरला उघडतो. या तीन महिन्यांत कोअरच्या गाड्या मोकळ्या असतात आणि मालकाला ऑक्टोबरच्या आधी गाडी तयार हवी असते. तुमचा सीझन तोच. मे महिन्यातच गेटवर जाऊन मालकांना भेटा. सीझनमध्ये मंगळवारी ताडोबा बंद असतो, तो दिवस छोट्या कामांसाठी आणि यू-बोल्ट पुन्हा कसायला ठेवा. पिकअपवाल्यांचं उलट आहे. तेंदूचा हंगाम उन्हाळ्यात, म्हणून त्यांची तपासणी त्याआधी. म्हणजे वर्षभर काम वाटून घेता येतं.

मशिनरीवर लगेच लाखो घालू नका. दणकट जॅक आणि स्टँड, टॉर्क पाना, कोन मोजायचं साधं अँगल मीटर, टेप, हवेचं चांगलं मीटर, वाळूची पोती, आणि पाट्याचा एक जाणता मिस्त्री. मिस्त्रीला पगारासोबत मान द्या. त्याला "काका, हा पाटा किती दिवस चालेल?" असं विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. तीस वर्षांचं ज्ञान त्याच्या हातात आहे, ते तुमच्या वहीत आलं पाहिजे.

प्रत्येक गाडीचं एक कार्ड बनवा. चारही कोपऱ्यांची उंची, म्हणजे चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत, पाट्यांची संख्या आणि जाडी, शॉकअपची लांबी, कॅस्टर, यू-बोल्टची तारीख. काम करण्याआधी आणि नंतर. पुढच्या वर्षी तीच गाडी आली आणि एक कोपरा दोन सेंटिमीटर बसलेला दिसला, तर मालकाला तुम्हाला पटवावं लागत नाही. कार्ड दाखवा. माझ्या मते अशा दुकानाची खरी मालमत्ता जॅक आणि पाने नाहीत, ही कार्डं आहेत.

रेट तीन भागांत ठेवा. तपासणीचा वेगळा रेट, आणि तो घ्याच. फुकट तपासणी केली की तुम्हाला पार्ट विकावाच लागतो, मग तुम्ही गरज नसलेला पार्ट विकता. दुसरा, बुश-बोल्ट-साफसफाईचं पॅकेज. तिसरा, पाटे आणि शॉकअप बदलायचं काम. आणि नकार कोणत्या कामाला, तेही बोर्डावर लिहा: वेल्डिंगचा पाटा नाही, पुढे ठोकळा नाही, शोभेसाठी उचलणं नाही. नवख्या माणसाला वाटतं, असा बोर्ड बघून गिऱ्हाईक पळेल. ज्याला आठ माणसं घेऊन जंगलात जायचंय, तो असाच बोर्ड शोधत असतो.

या आठवड्याचा गृहपाठ देतो. तुमच्या ओळखीची एक पाट्याची गाडी घ्या, जिप्सी, बोलेरो, पिकअप कुठलीही. चारही कोपऱ्यांची उंची रिकामी आणि भरलेली मोजा. शॉकअपचा दांडा किती बाहेर आहे बघा. दोन्ही बाजूंचं पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर मोजा. आकडे वहीत लिहा आणि मालकाला दाखवा. त्याने पुढचा प्रश्न विचारला, तर तुमचं पहिलं गिऱ्हाईक समोर उभं आहे.